फलकावर ‘दुसरा’ असे छापावे

मी, रोको युरागा, वडिलांचे नाव अन्ते, जन्म सन १९४१, पूर्वीचा व्यवसाय जहाजगोदीत सुतारकाम, तसेच बोनात्सा फुटबॉल क्लबचा खेळाडू व नंतर साहाय्यक प्रशिक्षक, राहणार लुचित्सा, चर्चखालची गल्ली, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा गुडघा शाबूत नाही, परंतु त्याचा या दस्तऐवजाशी संबंध नाही. हे लिहावयास मला कोणी सांगितलेले नाही. कोणी सांगितले असते तर मी लिहिले नसते. माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झाले आहे. शुद्धलेखनाची चूक आढळल्यास ती घाईची समजावी, अज्ञानाची समजू नये.

१. माझे राहते घर, पावसाच्या पाण्याची टाकी व मागील अंजिराचे झाड यांसह, माझा एकुलता एक मुलगा विन्को, राहणार सिडनी, यास देत आहे. त्याने ते विकावे, भाड्याने द्यावे अथवा बंद ठेवावे. कोणतीही अट नाही. परत येण्याचीही अट नाही. त्याची खोली होती तशीच आहे. फक्त खिडकी बदलली आहे, कारण ती कुजली होती. नवीन खिडकीला हिरवाच रंग दिला आहे, कारण तो रंग त्याच्या आईने, माझी दिवंगत पत्नी येर्का हिने, निवडला होता.

२. टेकडीवरील ऑलिव्हची बागही विन्कोसच मिळावी. तिथला शेजारी मिले याने सामाईक दगडी बांध माझ्या बाजूस वीतभर सरकवलेला आहे. ती वीत तो वापरीत आहे म्हणून त्याची झालेली नाही. हे वाक्य नोटरीने त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे, कारण त्याला कमी ऐकू येते व सोयीचे तेवढेच ऐकू येते.

३. माझे रंधे, पटाश्या व वाकस हे बंदरावर जो कोणी अद्याप लाकडी होड्या दुरुस्त करीत असेल त्यास द्यावेत. असा कोणी न उरल्यास ते विन्कोच्या खोलीत ठेवावेत. माझी होडी विकून येणाऱ्या रकमेतून क्लबने गोलाची नवी जाळी घ्यावीत. क्लबच्या वर्धापनदिनाच्या पुस्तकात, ज्या छायाचित्रात मी पहिल्या रांगेत बसलो आहे, त्याखाली माझे नाव ‘आणि इतर’ असे छापले गेले. तरीही जाळी घ्यावीत. चेंडू जाळ्यात गेलेला दिसला पाहिजे. त्यात ते पुस्तक काढणाऱ्या क्लबच्या चिटणिसाचा प्रश्न येत नाही.

४. पुढील मजकूर मालमत्तेविषयी नाही, परंतु वारसास त्याची गरज आहे.

मी बोनात्साकडून डाव्या बगलेवर (लेफ्ट विंगला) खेळलो. दोन हंगाम बेटाबाहेर, मुख्य भूमीवरील मोठ्या क्लबातही खेळलो. गुडघा मोडल्यावर गावी परत आलो व गोदीत लागलो. मुख्य प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असावे लागे, म्हणून तो मला मिळणार नव्हता. माझा मित्र पावे क्लारिन याच्याकडे आठवी होती. तो मुख्य झाला व मी त्याचा साहाय्यक झालो. आमच्याकडे साहाय्यकास ‘दुसरा प्रशिक्षक’ म्हणतात. गावाने त्यातला ‘प्रशिक्षक’ गाळला आणि बावीस वर्षांत मी नुसता ‘दुसरा’ उरलो. बाजारात मासेवाली ओरडे, “ए दुसऱ्या, सार्डिन ताजे आहेत, पहिला यायच्या आत घेऊन जा!” हे नाव मला कधीही आवडले नाही.

कामाची वाटणी ठरलेली होती. सामन्याच्या सकाळी अकरा जणांची निवड आम्ही दोघे बंद खोलीत बसून करीत असू. शेवटचा शब्द पावेचा. निवडलेल्यांची नावे तो वाचून दाखवी. वगळलेल्यास सांगणे माझे काम होते. ते मी बुटांच्या खोलीत, एकट्याला गाठून, बाकीच्यांना कळण्याआधी सांगत असे. शब्द ठरलेले होते: “आज तू नाहीस. आम्ही ठरवलंय.” त्यापुढे काही नाही. ‘पावेने ठरवले, माझे मत वेगळे होते’ असे जो साहाय्यक सांगतो तो स्वतः गोड होतो व संघ मोडतो. मी तसे कधीही सांगितले नाही.

सन १९९० च्या वसंतात वरच्या विभागात चढण्याचा निर्णायक सामना होता. विन्को तेव्हा बावीस वर्षांचा होता व संपूर्ण हंगाम डाव्या बगलेवर खेळला होता. त्या सकाळी बुटांच्या खोलीत मी त्याला तेच सांगितले.

तो हसला. “बाबा, चेष्टा करू नकोस.”

“आज तू नाहीस. आम्ही ठरवलंय.”

“आम्ही म्हणजे कोण? तू की पावेकाका?”

“आम्ही.”

“तू काय म्हणालास तेवढं सांग. तू. माझा बाप.”

“आम्ही ठरवलंय, विन्को.”

त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट माझ्यासमोर नीट जोडून ठेवले आणि म्हणाला, “म्हणजे घरात आई आणि मी, आणि इकडे तुम्ही ‘आम्ही’. बरं झालं कळलं.”

सामना आम्ही हरलो. शरद ऋतूत तो सिडनीस गेला. आईशी फोनवर बोले. मी उचलल्यास फोन ठेवून देई. सन २००९ मध्ये आईच्या दफनास तो आला व उघड्या खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूस उभा राहिला. शेवटी परक्या लोकांच्या रांगेत उभा राहून माझ्यापुढे आला, हात पुढे केला व म्हणाला, “आपल्या दुःखात सहभागी आहे.” ज्या मुलाने मला जन्मभर ‘तू’ म्हटले त्याने ‘आपल्या’ म्हटले. मी हात हातात घेतला व आभार मानले. ती रीत आहे.

पावे वारल्यावर त्याची पत्नी फिलका मला चर्चसमोरच्या बाकावर म्हणाली, “जाण्याआधी पावेने मला सगळं सांगितलं. तू पोरासाठी भांडलास. टेबलावर हात आपटलास म्हणे. मग त्या पोराला का नाही सांगितलंस?”

मी म्हटले, “खोलीतलं खोलीत राहतं, फिलका.”

“कसली खोली? खोली पाडून तिथे गाड्या लावतात रे आता!”

फिलका जे म्हणते ते खरे की खोटे, हे मी येथे लिहिणार नाही. खोली पाडली म्हणून नियम पाडला असे होत नाही. मात्र माझ्या पश्चात ती विन्कोशी काही बोलल्यास तिला अडविण्याचा अधिकार मृत माणसास राहत नाही, याची मला कल्पना आहे.

५. गावच्या फलकावर लावावयाची माझ्या मृत्यूची सूचना. या कलमाची अंमलबजावणी सर्वांत आधी करावी.

गावात रोको युरागा नावाचे आम्ही दोघे होतो. दुसऱ्यास, म्हणजे जो मी नव्हे त्यास, ‘खेकडा’ म्हणत. गेल्या हिवाळ्यात तो वारला. त्याच्या मुलीस ते टोपणनाव लाजिरवाणे वाटले, म्हणून सूचना छापणारा व फलकावर चिकटवणारा बार्तुल मिकिन याने ते गाळले. छायाचित्रही नव्हते. नुसते ‘रोको युरागा’. सकाळपासून माझ्या दारी लोक येऊ लागले. फिलका काळा रुमाल बांधून, ब्रँडीची बाटली व केक घेऊन आली. मी दार उघडताच किंचाळली, “अरे मेल्या, तू जिवंत आहेस होय!” आणि पायरीवर बसून रडली. मग आम्ही केक खाल्ला.

बातमी तोंडोतोंडी सिडनीस पोहोचली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मी उचलला.

“कोण बोलतंय?” आवाज विन्कोचा होता. तो आता त्याच्या आजोबांसारखा जड झाला आहे.

“रोको.”

“कुठला रोको?”

“दुसरा.”

पलीकडे तो श्वास घेत होता. त्याने फोन ठेवला नाही. मग तो म्हणाला, “बरं.” थोडे थांबून म्हणाला, “बरं, बाबा.” आणि मग ठेवला.

म्हणून बार्तुलने माझ्या सूचनेवर नावापुढे ‘दुसरा’ असे ठळक छापावे. पूर्वी मी त्यास तोंडी मनाई केली होती; ती रद्द समजावी. छायाचित्रही लावावे, परंतु तोंडी बातमीबरोबर छायाचित्र जात नाही, टोपणनाव जाते. शोक करणाऱ्यांत पहिले नाव विन्कोचे असावे, तो येवो अथवा न येवो. नुसते ‘रोको युरागा’ छापल्यास त्याला वाटेल, पुन्हा गावाची काही चूक झाली. तो फोन करील, आणि या खेपेस घरात उचलावयास कोणी नसेल.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, एक शब्द खोडून पुन्हा तोच लिहून सही केली आहे.

रोको युरागा (दुसरा)

साक्षीदार:
फिलका क्लारिन. साक्षीदार असल्याने तिला काहीही दिलेले नाही. बोलण्याची मुभा तिला आधीपासूनच आहे.
बार्तुल मिकिन. कलम पाच त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले आहे.

स्थळ: लुचित्सा
दिनांक: २ नोव्हेंबर २०२३