बटणची राहिलेली लस

बुधवार, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुम्ही तिघं तुझ्या सासऱ्यांकडे सुखरूप आहात असं धरून चालतो, कारण कळवत कोणीच नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ड्रायव्हरबरोबर धाडतोय. उत्तरासाठी थांबू नकोस, असं त्याला सांगितलंय.

इकडचं ठीक चाललंय. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर वेळेत जाईल. खिडकीजवळच्या मशीनची सुई बोथट झाल्याचं मला केबिनमध्ये बसून आवाजावरून कळलं, तर नवा सुपरवायझर म्हणतो, "साहेब, तुमच्या कानांना वेगळा ओव्हरटाइम द्यायला हवा." माणूस टिकेल असं वाटतं. तुझ्या वहिनीने जेवणाच्या टेबलाजवळच्या तुमच्या तीन खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. संध्याकाळी पाहतो तर परत जागेवर.

चिमणीची इंजेक्शनं वेळच्या वेळी चालू आहेत ना? तिच्या बोटाला बटणचा दात नुसता लागला होता हे मान्य, पण एकही चुकवू नकोस. तिला सांग, मोठ्या काकानेही ती घेतलीत आणि नर्स हसली इतका काका ओरडला.

आता बटणबद्दल.

चिमणीच्या वाढदिवसाला वहिनीने ते कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा ते शर्टाच्या खोक्यात मावत होतं. चिमणीने ते खरंच खोक्यात घालून कारखानाभर मिरवलं. काजं-बटणं करणाऱ्या बायकांनी त्याचं नाव बटण ठेवलं आणि त्यांच्यातलीच एक म्हणाली, "याच्यापेक्षा आमच्या घरची घूस मोठी." सगळ्यात जास्त तू हसला होतास.

दवाखान्यात आपण दोघं गेलो होतो, म्हणून डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते दोघांनीही ऐकलंय. छोट्या जातीच्या पिल्लांना कधीकधी लशीचा त्रास होतो, तोंड सुजतं, उलटी होते. म्हणून सगळ्या सुया एका दिवशी टोचायच्या नाहीत, टोचल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच बसायचं. इथपर्यंतचं तुझ्या लक्षात राहिलं. पुढचं त्यांचं वाक्य होतं, "पण रेबीजची टाळायची नाही. कुत्रा लहान म्हणून रोग लहान होत नाही." ते तू गाडीत बसेपर्यंत विसरलास.

गाडीत मी म्हणालो, "बाकीच्या झाल्या, आता पुढच्या सोमवारी रेबीजची देऊन टाकू."

तू म्हणालास, "नको."

विषय संपला. आपल्या दोघांमध्ये एकाचा नकार म्हणजे दोघांचा नकार, आणि कारण विचारायचं नाही. नियम मीच केला. दोन मशीनवर धंदा सुरू केला तेव्हा केला, कारण कारणं विचारत बसलेले भाऊ मी बाजारात फार पाहिले होते. निळ्या कापडाच्या त्या लॉटला तू नको म्हणालास, मी तोंड मिटलं, आणि ज्याने ते कापड घेतलं त्याचं पहिल्याच धुण्यात पाणी निळं झालं. या नियमावर आपण इथवर आलो. कुत्र्याला मात्र तो लावायला नको होता, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आपल्याला दुसरी कुठली पद्धतच येत नाही.

आता जे लिहितोय ते लिहायचं नव्हतं. आपल्या केबिनींच्या मधलं पार्टिशन प्लायवूडचं आहे. त्याच दिवशी चिमणीची आई तुला म्हणाली, "अहो, डॉक्टर सांगतायत तर देऊन टाका की." आणि तू म्हणालास, "देऊ महिनाभराने. दादा हो म्हणाला की लगेच सगळ्यांनी उभं राहायचं का? निदान कुत्र्याच्या बाबतीत तरी माझं चालू दे."

त्यावर ती हसली. तूही हसलास. मी फाइल उघडून बसलो.

पिल्लाची काळजी वाटून तू नको म्हणाला असतास तर आज मला हे पत्र लिहायला लागलं नसतं. चुकणाऱ्या माणसाबरोबर मी जन्मभर जेवलो असतो.

माल चढवायच्या फाटकाशी ते भटकं कुत्रं आत घुसलं आणि बटणच्या मागच्या पायाला डसलं, तेव्हा तू, मी, वॉचमन, तिघंही तिथेच होतो. कळवळणाऱ्या पिल्लाला चिमणीने उचललं आणि त्याचा दात तिला लागला, तेही आपल्यासमोरच. ते भटकं कुत्रं मेलं. तपासणीत रेबीजच निघाला. डॉक्टरबाईंनी मला बसवून सांगितलं, लस झालेली असती तर आणखी एक टोचून घरीच लक्ष ठेवता आलं असतं. आता दोनच वाटा. एक, पिल्लाला झोपेतच संपवायचं. दुसरी, लगेच लस टोचून चार महिने दुहेरी दाराच्या खोलीत एकटं ठेवायचं, आणि आत एकाच माणसाने जायचं. एवढं करूनही ते वाचेल याची खात्री त्या देत नाहीत.

तुझा निरोप मिळाला. "संपवून टाक. चिमणीला सांगितलंय, ते पळून गेलं." त्या पायाने, धाकट्या? थाप मारतानाही थोडं कापड मोजून घ्यावं.

काल तिने आईच्या फोनवरून वहिनीला विचारलं, "काकू, बटण सापडलं का?" वहिनी म्हणाली, "शोधतायत गं." तुझी थाप आता माझ्या बायकोला पुढे शिवत बसावी लागतेय. आणि तू तुझ्या सासऱ्यांकडे सांगतोस की वहिनीने आणलेलं कुत्रं तुझ्या पोरीला चावलं. हेही माझ्या कानावर आलंय. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे.

डॉक्टरबाईंनी पिल्लाला संपवायची सगळी तयारी करून मला विचारलं, "दोघा भावांचं एकमत आहे ना?" मी म्हणालो, "नाही."

तर हा माझा नकार. नियमाप्रमाणे तू कारण विचारायचं नाहीस.

बटण जुन्या नमुन्यांच्या खोलीत आहे. बाहेर एक दार, आत जाळीचं दुसरं. मी एकटाच जातो, हातमोजे घालून. चिमणीला खरं काय ते तू सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि त्यात प्लायवूडपलीकडचंही येईल.

या नकारानंतर आपला नियम संपला. आपण आता मशीनं वाटून घेऊ. तू तुझ्या मताने चालव, मी माझ्या. तुला तेच हवं होतं, फक्त ते मागायला तू फार छोटी वस्तू निवडलीस.

रोज सकाळी दार उघडण्याआधी मी बाहेर थांबतो. डॉक्टरबाईंनी बजावलंय, भुंकण्याचा आवाज बदललेला वाटला तर आत पाऊल टाकायचं नाही, आधी फोन करायचा. आज आवाज तोच होता. उद्याचं उद्या ऐकेन.

बंद दाराला कान लावून उभा असलेला,
तुझा दादा