दोन ठोक्यांमधली मोजणी

प्रिय अक्का,

सर्वप्रथम तक्रार. आमच्या कचेरीतल्या चहाच्या यंत्राची सुधारित आवृत्ती आली आहे. जुन्याला एकच बटण होतं. दाबलं की चहा, नाही आला तर बुक्की मारली की चहा. नवं यंत्र आधी माझं स्वागत करतं, मग साखरेविषयी माझं मत विचारतं, मग स्वतःला गुण द्यायला सांगतं, आणि तोवर माझी चहाची वासनाच क्षीण झालेली असते. या घोर अन्यायाविरुद्ध त्रिभुवनात दाद मागणार होतो, पण त्रिभुवन कामात असेल म्हणून तुला लिहितो आहे. तू मोठी आहेस. ऐकून घेणं तुला प्राप्त आहे.

आता खरं त्रांगडं. आमची पेटी तुला ठाऊक आहे: काडेपेटीहून लहान, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवतात, आणि हृदय ठोका द्यायला विसरलं की ती त्याला हळूच ढोसते. तिने कधी काय करावं ते आम्ही आमच्या भाषेत लिहितो, आणि कंपायलर नावाचा एक प्रोग्राम ते पेटीला कळेल अशा भाषेत उतरवतो. आम्ही त्याला दुभाष्या म्हणतो. जुना दुभाष्या माझ्याबरोबरच म्हातारा झाला. मंद, आज्ञाधारक, दिलेलं शब्दशः उतरवणारा. आता त्याची नवी आवृत्ती आली आहे, आणि यापुढच्या पेट्या तिच्या हाती द्यायच्या की नाहीत, हे ठरवणं माझ्या गळ्यात पडलं आहे. थोरले साहेब म्हणतात, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता? माझ्या शेजारच्या टेबलावर एक चिमणी बसते, वयाने माझ्या लेकीएवढी, जिभेने थेट तुझ्याएवढी. ती म्हणाली, काका, तुमची गाडी चालतेय कारण पुढे उतार आहे.

म्हणून नव्याची परीक्षा घेतली. मिठाच्या पाण्याच्या भांड्यात पेटी सोडायची (खारं पाणी विजेपुरतं माणसाच्या अंगाचं सोंग बरं वठवतं) आणि पडद्यावरची हिरवी रेघ बघायची. पण रेघेपर्यंत पोहोचण्याआधीच नव्याने मला दिपवलं. आमच्या लिखाणात दोन ओळी उलटसुलट पडल्या होत्या. हृदय नेमक्या एका नाजूक क्षणी अडखळलं असतं, तर पेटीचा ठोका हुकला असता. इतकी वर्षं आम्हा पंडितांना ते दिसलं नाही, जुन्या दुभाष्याने पाहिलं असेल तर तोंडातून चकार शब्द काढला नाही. नव्याने पहिल्याच वाचनात तिथे बोट ठेवलं. मी हात जोडले, अक्का. उपरोधाने नव्हे. चिमणी म्हणाली, काका, आता उदबत्ती लावू नका, वर धुराची घंटा आहे.

मग पेटी पाण्यात सोडली, एक ठोका पडला आणि रेघ सपाट झाली. पेटी जागी, तारा जागच्या जागी, पुढचा ठोका मात्र नाही. शोधता शोधता कारण सापडलं. ठोका दिल्यावर पेटीने क्षणभर कान मिटून घ्यायचे असतात. नाहीतर आपल्याच ठोक्याचा पडसाद ऐकून तिला वाटतं, हृदय तर चाललंय की, मी कशाला मध्ये बोलू. आणि ती गप्प बसते. तो क्षण आम्ही एका साध्या मोजणीने काढत होतो. एक, दोन, तीन म्हणत राहायचं, बाकी काही करायचं नाही. नव्याने विचार केला, या मोजणीचा पुढे कोणी उपयोगच करत नाही, मग हवी कशाला? आणि ती गाळून टाकली. दोष त्याचा नाही. इथे वेळ काढायचा आहे, हे आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. जुना मुकाट्याने मोजत राहिला, म्हणून निभावलं.

तिथेच मला आपला जिना आठवला. पायऱ्यांवर बसवून तू माझ्याकडून वृत्तं घोकून घ्यायचीस, आणि शिखरिणीतला यतीचा थांबा न पाळता मी पुढे धावलो की माझा कान पिरगाळायचीस. थांबणंही म्हणण्यातच येतं, गाढवा, हे तुझं वचन. भाची सांगत होती, हल्ली तूच जिन्यात मध्येच थांबतेस, भिंतीला हात लावून, आणि विचारलं तर म्हणतेस, यति पाळतेय. तिला तो विनोद कळला नाही. मला कळला, आणि आवडला नाही.

आम्ही त्या मोजणीच्या आधी एकच शब्द लिहिला, ज्याचा अर्थ, हिला हात लावू नकोस. पेटी पुन्हा पाण्यात सोडली. रेघ उठली. ठोका, मग ती रिकामी जागा, मग ठोका. भांडंभर मिठाच्या पाण्याला नाडी लागली होती. थोरले साहेब कशाला तरी आत आले आणि चष्मा कपाळावर चढवून तसेच उभे राहिले. आयुष्यभर हेच काम केलं, पण एवढ्याशा निवांत जागेवर माणूस जिवंत राहतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अक्का, तुझ्या पत्राचं उत्तर टाळत मी इथवर आलो. डॉक्टरांनी पेटी बसवायला सांगितली, आणि बसवायचीच तर माझ्या भावाच्या हातची, असं तू त्यांना ऐकवून आलीस. तुझी पेटी नव्या दुभाष्याच्या पहिल्या खेपेतली असेल. मी त्याच्याच बाजूने सही करणार आहे; सापडलेली चूक जुना ठेवूनही सुधारता येईल, पण न सापडलेल्या चुका जुना मला कधीच दाखवणार नाही. चिमणीने आणि मी सगळं लिखाण ओळीओळीने वाचलं, आणि जिथे जिथे थांबायचं तिथे तिथे तसं लिहिलं. परकं कोणी असतं, तरी मी हेच केलं असतं, आणि सही करून घरी जाऊन जेवलो असतो. आता घास उतरत नाही. थांबण्याची एखादी जागा आमच्या नजरेतून सुटली असेल आणि ती तुझ्या छातीत सापडेल, याची मला भीती वाटते.

तुझाच, कान अजून लाल असलेला,
शास्त्रीबुवा