मॅटाडोरचं सॉकेट

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार. अमरावती

पुन्हा फ्यूज उडाला! तिसरा! मॅटाडोरच्या मागच्या भागात आमचा संसार – दोन बाकं, स्टोव्ह, पुस्तकं – आणि पुढं सिगारेट लायटरचं सॉकेट. जन्मात सिगारेट ओढली नाही, पण माझा माईक त्यावरच चालतो. सोमवारी आर्वीच्या सभेत ठणठणीत होतं. घरी आलो तर मेलेलं.

रविवारी बार्शीटाकळीला सभा. विषय अंधश्रद्धा. शाळेनं पटांगण दिलं, वीज नाकारली. "सर, वरून फोन आला." येऊ दे! गाडीच्या बॅटरीवर बोलेन. माईक मात्र हवाच. डॉक्टरांनी बजावलंय – ओरडून बोललात तर आवाज कायमचा जाईल.

६ फेब्रुवारी

बायको, रागिणी, म्हणते, "सभा पुढं ढकला ना." ढकलली की ते फोन करणारे जिंकले. नाही!

फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा खोचला. धूर.

७ फेब्रुवारी

रऊफभाईंच्या गॅरेजात. तार पाहून ते कडाडले, "सर, भाषणातून आग लावा, गाडीले नोका लावू!" बॅटरीची वायर सोडली, सॉकेट उपटलं, बाकावर आपटलं. तळाशी चपखल बसलेला रुपया टणकन बाहेर! त्यानंच फ्यूज उडत होते.

"हे सॉकेट हाये का दानपेटी?"

सगळं गॅरेज हसलं. रागिणी सोडून.

"आर्वीहून येतानी वर्धेचा पूल लागला," ती म्हणाली. "नदीले रुपया द्यायचा होता. माह्या बाजूची काच खाली होये ना. मंग टाकला तिथंच."

"कशासाठी?"

"तुमच्या आवाजासाठी."

तीस वर्षं गावोगाव हेच खोडतो आहे, आणि माझ्याच गाडीत! रुपया खिशात घातला. काचेचं ती चार वर्षं सांगते आहे, हेही खरं.

९ फेब्रुवारी, रविवार. बार्शीटाकळी

पटांगण गच्च. आवाज रस्त्यापलीकडे! मध्येच तो रुपया काढून दाखवला. नदी, काच, सॉकेट – सगळं सांगितलं. "माझ्या आवाजासाठीचा नवस माझाच आवाज घेऊन बसला!" लोक पोट धरून हसले. मग मी तिची नक्कलही केली.

माईक गेला.

पुन्हा सॉकेट! तसाच माईक हातात धरून गाडीकडे धावलो. दारात रागिणी उभी, सॉकेटातून उपटलेली माईकची पिन तिच्या हातात. मागून लोक – "आवाज! आवाज!" मला ओरडता येत नव्हतं. तिला घाई नव्हती. बऱ्याच वेळानं पिन आत खोचली.

"बोला आता. माह्यं सोडून बोला."

माईक चालू होता. वाक्य पटांगणभर गेलं.

परत जाऊन पाऊण तास बोललो. काही मागं घेतलं नाही. ती नक्कल सोडून.

१० फेब्रुवारी

नदीत रुपया टाकणं मला मान्य नाही. मरेपर्यंत नाही!

तिच्या बाजूची काच दुरुस्त करून आणली.