अमरिलिसला सुटी मिळाली

कॉसंडच्या उपसागरातून,
शुक्रवार, ११ मे १७८१

प्रिय लव्हडे,

तू, आपली तॅम्सिन आणि माझ्या सासूबाई खुशाल असाल अशी आशा करतो. मी धडधाकट आहे. दोन दात अमेरिकेच्या किनाऱ्यावर सोडून आलो, बाकी नवरा जसा नेला होता तसाच आहे.

घाईत लिहितोय. ट्रेविकबाई भाजीची होडी घेऊन आल्यात. कोबी संपेपर्यंत त्या थांबतील आणि हे पत्र तुझ्या हातात देतील, दुसऱ्या कुणाच्या नाही. सासूबाईंसमोर उघडू नकोस. तू होडी काढून निघाली असशील तर मागे फीर, कारण भाजीवाल्यांखेरीज कुणाला जहाजाजवळ फिरकू देत नाहीत. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर हसू नकोस, तूच गिरवायला लावलेलं आहे.

आधी आपल्या अमरिलिसचं सांगतो. वीस वर्षं चाकरी केली बिचारीने. बत्तीस तोफा, पण चालायला अशी चपळ की मोठी जहाजं वळेपर्यंत ही दोन फेऱ्या मारून यायची. मागच्या लढाईत तिने फ्रेंचांची दोन गलबतं धरून आणली. मग जमैकाला गेली, तिथे तापाने निम्मी माणसं खाल्ली. तुमच्या डोळ्यांदेखत मला आणि पेट्रॉकला आरमाराच्या चाकरीसाठी मासळीच्या होडीतून जबरदस्तीने उचललं, तेव्हा तिच्यावर माणसांचा दुष्काळ होता तो त्यामुळेच. आमच्या वाट्याला अमेरिका आली. तिथे वाळूत रुतलो, एका वादळात मागची डोलकाठी गेली, हॅलिफॅक्सला बर्फ खरवडत बसलो. सहा वर्षांत कप्तान तीन बदलले, शिव्या त्याच राहिल्या. तरी लव्हडे, जहाज गुणाचं होतं. तिने आम्हांला कधी बुडवलं नाही.

परवा गोदीचे लोक तपासायला आले. त्यांच्या म्हाताऱ्या सुताराने तळाच्या फळीत टोचा खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. "बाई थकल्या," एवढंच तो म्हणाला. आता तिच्या डोलकाठ्या उतरवणार, तिला नदीत बांधून ठेवणार आणि पोटात फ्रेंच कैदी कोंडणार.

ही बातमी आली तेव्हा आम्ही नाचलो. जहाज मोडीत निघालं म्हणजे माणसं मोकळी, असा सरळ हिशेब आम्ही केला. पेट्रॉकने तर सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं. मी विचारलं, "नवरी कोण?" तर म्हणतो, "दाजी, ते ताई बघेल. मी फक्त अंघोळ करून उभा राहणार." तुझा भाऊ अजून तसाच आहे. तोंडाला कुलूप नाही.

काल सकाळी तुम्ही बायकांनी खिडक्यांतून पांढऱ्या चादरी सोडल्या, त्या आम्हांला दिसल्या. गावची माणसं परतली की चादर सोडायची, ही आपली जुनीच रीत. पण समुद्रावरून ती पहिल्यांदाच पाहिली. पेट्रॉक कठड्याला चिकटून उभा होता.

"दाजी, ती आमची. कोपऱ्यात ठिगळ असलेली."

"एवढ्या लांबून तुला ठिगळ दिसतं?"

"ठिगळ नाही दिसत. पण आईला मी ओळखतो ना. चांगली चादर ती बाहेर काढायची नाही. आणि धूर बघा, मासे भाजतेय, तारल्या."

"वासही आला असेल!"

"तुमचं नाक मेलं त्याला मी काय करू?"

सहा वर्षांत त्याला इतका खूष मी पाहिला नव्हता.

आज सकाळी सगळ्यांना डेकवर उभं केलं. लेफ्टनंट म्हणाला, राजेसाहेबांना तुमची अजून गरज आहे. मागून कुणीतरी बोललं, "आमच्या बायकांनाही आहे म्हणावं." कुणी हसलं नाही. होड्या आधीच पलीकडच्या बाजूला लावून ठेवल्या होत्या, बंदूकवाले पहारेकरी बसवून. जमिनीला पाय लावला तर आम्ही पळू, म्हणून जमीन दाखवायचीच नाही. एका जहाजाच्या पोटातून काढून सरळ दुसऱ्याच्या पोटात. लव्हडे, अमरिलिसला सुटी मिळाली, आम्हांला नाही. नवं जहाज हिंदुस्थानला जातंय. वारा फिरला की निघणार. तीन वर्षं म्हणतात. म्हणजे पाच धर.

तू विचारशील, पेट्रॉकचं काय. सकाळी बंदुकीचा आवाज तुम्ही ऐकला असेल. मी मघापासून जहाजाच्या गोष्टी सांगत बसलोय, कारण मला या गोष्टीपर्यंत यायचं नव्हतं.

आम्ही दोघं एकाच होडीत होतो. मी वल्ह्यावर, तो माझ्यासमोर. होडी अमरिलिसच्या आडून बाहेर आली आणि त्याला गाव दिसलं. चादर अजून तशीच होती. तो मला म्हणाला, "दाजी, भरती असती तर बरं झालं असतं." मला वाटलं, उगाच काहीतरी बोलतोय. तेवढ्यात तो कडेवरून पाण्यात गेला. ओहोटी होती. पहारेकऱ्याने गोळी झाडली. लागली की नाही, देवाला माहीत. मी वल्हं सोडून उठलो, तर मला डोक्यात दांडा घालून खाली बसवलं. आणखी माणसं उड्या मारतील म्हणून लेफ्टनंट ओरडत होता, "ओढा! ओढा!" आणि आम्ही ओढलं. लव्हडे, वल्हं मारणाऱ्याचं तोंड मागे असतं. मला सगळं दिसत होतं. त्याचं डोकं लहान होत चाललं होतं, आणि ते लहान करणारा मीच होतो. मग एक लाट आली. ती गेल्यावर तिथे काही नव्हतं.

इथे सगळे म्हणतात, पळाला. पोरांनी त्याच्या नावाने रम प्यायली. मीही प्यायलो. पण ओहोटीला उपसागराच्या टोकापाशी पाणी माणसाला बाहेर समुद्रात कसं ओढतं, हे मला कुणी शिकवायला नको. तो घरी आला असेल, तुझ्या चुलीपाशी बसून खात असेल, तर हे पत्र जाळ आणि मला मूर्ख म्हण. मी हात जोडून सांगतो, मला मूर्ख ठरव.

तो आला नसेल, तर ऐक. चादरीचं सासूबाईंना कधीही सांगू नकोस. आणि पुढचे आठ दिवस त्यांना शिंपल्या गोळा करायला किनाऱ्यावर जाऊ देऊ नकोस. पाय मुरगळला म्हण, तॅम्सिनला ताप आलाय म्हण, काहीही म्हण. भरतीनंतर रोज तूच आधी जात जा. गेला तेव्हा तो पोरगा होता. आता त्याला तांबूस दाढी आहे, गळ्यापर्यंत. तुमच्यापैकी कुणी त्याला दाढीत पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

ट्रेविकबाई हाका मारतायत.

ज्याला तू देवाकडे परत मागितलंस आणि जो तुझ्या दारावरून पुढे नेला गेला, तो तुझा
पास्को