दुखवट्याच्या घरचे कहक

मु. रशीद, इजिप्त,
२ शव्वाल, ईदचा दुसरा दिवस

प्रिय शहातादादा,

सलाम. सालोसाल सुखरूप राहा. वहिनीला नमस्कार सांग, पोरांना माझ्याकडून ईदचे पापे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझं शिवणकाम बरं चाललंय, खजूर यंदा गोड निघाला.

तुझं पत्र पोचलं. 'आपल्या धाकट्या बसयूनीची होडी वादळात गेली त्याला पाच महिने झाले. दुखवट्याच्या घरात ईदची बिस्किटं, कहक, करत नाहीत. लोक तोंडात शेण घालतील.' दादा, आम्ही केले. पाच किलो मैद्याचे, आत खजूर भरून, तुपात हात आखडता न घेता.

विसरला असशील तर आठवण करून देते. ईदच्या आधी आपण तिघं परातीभोवती बसायचो. तू थोरला, म्हणून कहकवर नक्षी काढायचा चिमटा तुझ्याकडे, आणि मिजास केवढी! मला दोन-चार मिळायचे, तेही रडल्यावर. बसयूनी चार वर्षांचा, त्याच्या हाती तू चिमटा लागू द्यायचा नाहीस, म्हणून तो दातांनी नक्षी काढायचा. आई तेही भाजून आणायची आणि पाहुण्यांपुढे ठेवायची. "हे आमच्या उंदरानं केलेत." भट्टीवर सगळ्या गल्लीचे ट्रे एकत्र व्हायचे, तेव्हा आपला ट्रे त्या दातांवरून ओळखायचा. तो तीस वर्षांचा बाप्या झाला तरी दर ईदला एक कहक तसा करायचाच. तू दमनहूरला गेल्यापासून तुला ते बघायला मिळालं नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

खरं सांगू? मी तुझंच ऐकणार होते. एक गोष्ट तुला कळवली नव्हती. दहाव्या रोज्याला धक्क्यावरची माणसं आली. कुणाच्या तरी जाळ्यात स्वेटर आला होता, निळा, कोपराला मी लावलेलं ठिगळ. आई अजून त्याची वाट बघतेय असं मला वाटायचं, म्हणून मी त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि तो माळ्यावर कहकच्या ट्रेंखाली लपवला. यंदा ट्रे कोण खाली काढतंय, असं वाटलं.

सत्ताविसाव्या रोज्याला बाजारातून आले, तर ट्रे घासून उन्हात ठेवलेले आणि दोरीवर स्वेटर, धुऊन वाळत घातलेला. आई मैदा चाळत होती. 

"आई, लोक काय म्हणतील?" मला एवढंच सुचलं.

"म्हणू देत. तो नक्षीचा चिमटा शोधून आण."

"तुला कळलं ना?"

"तो आता येत नाही, हे मला होडी गेली त्याच आठवड्यात कळलं होतं गं. तुम्हालाच सांगवत नव्हतं."

शेजारची उम्म रजब झाकलेली ताटली घेऊन आली. दुखवट्याच्या घरी शेजारी कहक पाठवतात, तशी. आईनं ती रिकामी केली, आपले कहक भरले आणि परत तिच्या हातात दिली. उम्म रजब गडबडली. "अगं, तुमच्याकडे दुखवटा ना?"

"आहे. आणि ईदही आहे."

ईदच्या सकाळी सगळे कबरस्तानात गेले, आपापल्या माणसांच्या नावानं कहक वाटायला. आपल्याला कबर नाही. आई लंगडत धक्क्यावर गेली आणि कोळ्यांच्या पोरांना वाटत सुटली. "घ्या, बसयूनीचे आहेत." तिच्या तोंडून त्याचं नाव मी पाच महिन्यांनी ऐकलं. मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत, आणि मला त्याची लाज नाही.

तुला शोकाचा मांडव घालायचा असेल तर दमनहूरला तुझ्या दारात घाल. या दारात तो उभा राहणार नाही. पुढच्या ईदलाही आपले ट्रे भट्टीवर जातील, त्याच्या पुढच्याही. तू ये, आईला बरं वाटेल. पण एकटा ये, त्या 'लोकां'ना तिकडेच ठेवून ये.

कुणाची परवानगी न विचारता,
तुझी आणि बसयूनीची बहीण,
इन्साफ