चादरीखालची चित्रं

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मराठी तुम्हाला कधी येतच नव्हतं. म्हणून आता मनात येईल तसं लिहिते.

तुमचं इथलं, हॅमिल्टन शहरातलं घर. मी स्वयंपाकाला, साफसफाईला यायची. भिंतीभर चित्रं, एकातही माणूस नाही की झाड नाही, नुसते रंगाचे पट्टे. तुम्ही आयर्लंडचे, असल्या चित्रांवर पेपरात लिहून जन्मभर लोकांशी भांडलेले. मी "छान आहे" म्हटलं की काठी आपटायचात. "छान सूपला म्हण. इथे काय दिसतं ते सांग." चौथीत शाळा सुटलेली बाई मी, मला काय दिसणार? रागच यायचा. मग ईस्टरच्या आधीचा आठवडा आला. आमच्या वसईच्या चर्चमध्ये त्या दिवसांत मूर्ती, तसबिरी कापडाने झाकतात. तुमच्या घरात एवढं सगळं उघडं बघून मला राहवेना, मी सगळी चित्रं चादरींनी झाकून टाकली. तुम्ही जिना उतरताय, मध्येच थांबताय. मला वाटतं, गेली नोकरी. आणि तुम्ही हसत सुटता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझी आई अशीच होती. राहू दे ईस्टरपर्यंत." ईस्टरला चादरी काढल्या तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. म्हटलं, "हा लाल पट्टा काळ्याला ढकलतोय." काठी आपटली नाही. म्हणालात, "आता चहा कर."

आज हे आठवलं ते मुलीमुळे. नर्सिंग सोडून ती चित्रं काढते, म्हणून वर्षभर आम्ही धड बोललो नव्हतो. मागच्या महिन्यात एक मोठं चित्र आणून भिंतीला टेकवलं. "मॉम, बी ऑनेस्ट." छान म्हटलं असतं तर खोटं लगेच ओळखलं असतं तिने, वाकडं बोलले असते तर परत आली नसती. मी वर चादर टाकली.

"इज इट दॅट बॅड?"

"गप बस. रविवारी ये."

रविवारी आली. चादर काढली. मी म्हटलं, "निळा मस्त पसरलाय. पण हा पिवळा कोपरा तू घाबरून रंगवलास." ती त्या कोपऱ्यापाशी वाकली. मग, "येस, आय नो." आणि जेवायला थांबली, बांगड्याचं कालवण दोनदा घेतलं. आता दर रविवारी येते.

हे कुठे पोस्ट करणार, ड्रॉवरमध्येच राहील. फक्त एक सांगते. मला काही तो आठवडा दम निघाला नाही, रोज चादर उचलून बघायची. तुमच्या घरीही बघायची. आणि तेव्हा एका चादरीच्या टोकाला, उचलायला धरतो तिथेच, तुमच्या बोटांचा जॅम लागलेला होता. मी तो धुऊन टाकला, बोलले नाही.