फिल्टर धुतला त्याची हकीकत

छत्रपती संभाजीनगर,
ज्येष्ठ, कृष्णपक्ष

सन्मान्य श्यालक मुकुंदराव यांस,

नमस्कार. (संस्कृतात श्यालक म्हणजे बायकोचा भाऊ, एवढंच, रागावू नका.) परभणीच्या उन्हात तुमचा गुडघा जरा मऊ पडला असेल अशी आशा आहे. पत्रास कारण गंभीर आहे. आमच्या नव्या फिश टँकमधला प्लास्टिकचा पाणबुड्या माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. कोपरापर्यंत हात भिजवून मी त्याला वळवतो, आणि पंपाच्या बुडबुड्यांनी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करतो. इतकी वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवताना विद्यार्थ्यांनी पाठ फिरवलेली मी सोसली. पण या बाहुल्याला मी विकत आणलं आहे!

हा टँक आला तुमच्या सुपीक डोक्यातून, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी आरोपपत्र पूर्ण असावं म्हणून लिहितो. आमच्या ऋजुताला सातवा लागला, तेव्हा तिच्या आईनं बेंगळुरूला जायला हवं. पण गेल्या वर्षी माझ्या छातीत स्टेंट बसल्यापासून तुमच्या ताईच्या मते मी एकटं ठेवण्याजोगा प्राणी उरलेलो नाही. "अहो, तुम्हाला साधी तुळस जगवता येत नाही, स्वतःला काय जगवाल?" असं मीनाक्षीनं विचारलं, आणि तुम्ही फोनवरून तोडगा काढलात, की दाजींना मासे आणून द्या; महिनाभर जगवले तर ताई, तू बिनघोर जा. पूर्वी गुरुगृही शिष्याला गाई राखायला देत. त्या निदान भूक लागली की हंबरत.

तर मी शहागंजात गेलो. दुकानदारानं विचारलं, "फिल्टर कौनसा देऊं सर? अंदर का, बाहर का, के लटकने का?" आमच्या शास्त्रात साधनं अंतरंग आणि बहिरंग अशी दोनच, हे लटकणारं तिसरं मला नवं होतं. बाहेरचा म्हणजे टेबलाखाली एक बंद डबा आणि त्यातून निघालेल्या नळ्या (असं दृश्य मी अतिदक्षता विभागात पुरेसं पाहिलं आहे). आतला म्हणजे एक स्पंज, त्याला हवेचा पंप, आणि दिवसभर कुणीतरी हुक्का ओढत बसल्यासारखी गुडगुड. अंतरंग साधन श्रेष्ठ म्हणून मी तो घेतला. पाणी गरम ठेवायचा हीटरही घेतला. ज्येष्ठात, या गावात! "ठंडी में दुआ देंगे सर," दुकानदार म्हणाला. नाही म्हणायला मला कोणत्याच गुरुजींनी शिकवलेलं नाही.

मासे चांगले रमले. मग सराव म्हणून तुमची ताई एक दिवस पडेगावला मावशीकडे गेली. जाताना बजावलं, "आज नळ येणार. शिळं पाणी ओतून द्या, सगळं घासा, ताजं भरा." नळ येणं हा आमच्याकडे सण असतो. हंडे, पिंप, माठ, सगळं मी ओतलं, घासलं, भरलं. मग माझी नजर टँकवर गेली. अख्ख्या घरात सगळ्यांत शिळं पाणी तिथंच! ते तुळशीला घातलं. स्पंजवर तपकिरी साय धरली होती; ती भांड्यांच्या साबणानं घासून स्पंज पांढराशुभ्र केला. पाणबुड्यालाही न्हाऊ घातलं. नळाचं कोरं पाणी काठोकाठ भरलं. कामाला येणाऱ्या आवडाबाई म्हणाल्या, "सर, लई चकचकीत केलं की! ताई बघून दंगच होतील."

ताई संध्याकाळी आल्या आणि दंग झाल्या. मासे उताणे तरंगत होते.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी त्यानंतर पाहिला. (आधी का नाही, हे विचारू नका, तुम्ही रोज सुप्रभातही पाठवता.) त्या तपकिरी सायीतले जिवाणूच म्हणे पाणी शुद्ध ठेवतात! स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलक्या हातानं पिळायचा, पाणी थोडंसंच बदलायचं, आणि नळाच्या पाण्यातलं औषध आधी उतरू द्यायचं. म्हणजे शिळं तेच शुची. सात पिढ्यांच्या सोवळ्यात आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मीनाक्षी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं अर्धी भरलेली बॅग उघडली आणि साड्या पुन्हा कपाटात लावून ठेवल्या.

असो. गुडघ्याला जपा.

आपला परीक्षेत नापास मेहुणा,
श्रीनिवास

ता.क. बाहेरचा डब्याचा फिल्टर घ्यावा का, ते कळवा. तो मला उघडता येणार नाही, हा त्याचा मोठाच गुण.

पुन्हा ता.क. फिल्टरचं राहू द्या. काल ऋजुताचा फोन आला. तिचं बीपी वाढलं आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, आणि जावई दिवसभर कामावर. आईला सांगू नका म्हणाली, मी सांगितलं. त्यावर मीनाक्षी म्हणाली, "मी तिकडं गेले आणि इथं तुमच्या छातीत दुखलं तर?" मुकुंदराव, तुम्ही बँकेतून मोकळे झाला आहात. बाळंतपण होईपर्यंत माझ्याजवळ येऊन राहा, म्हणजे ती जाईल. एकटा राहायची मला भीती वाटते. पण पोरगी तिकडं एकटी पडून आहे, याची त्याहून जास्त वाटते.